'नॉट स्पॅम' दाबूनही मेल परत स्पॅममधेच का जातो, आणि तुमचा निर्णय त्याला पाळायला कसा लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की एकाच पत्त्यावरून येणारे मेल तुम्ही पुन्हा पुन्हा स्पॅममधून काढताय, 'नॉट स्पॅम' दाबताय, पत्ता कॉन्टॅक्टमधे पण टाकलाय, तरी पुढचा मेल परत स्पॅममधेच. आणि दुसरीकडे ज्याला तुम्ही स्वतः स्पॅम म्हणून फेकलं तो मात्र थोड्या दिवसांनी पुन्हा इनबॉक्समधे हजर. मेलबॉक्स माझा आहे तर निर्णय माझा का चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमधली ही सगळ्यात रास्त तक्रार आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ गोष्ट सांगतो. 'नॉट स्पॅम' हे बटण म्हणजे तुमचं मत असतं, हुकूम नसतो. ते दाबलं की तो एक मेल इनबॉक्समधे येतो एवढं नक्की, पण पुढच्या मेलसाठी तुम्ही फिल्टरकडे फक्त एक नोंद केलेली असते आणि ती नोंद तो बाकीच्या असंख्य गोष्टींबरोबर तोलून बघतो. कॉन्टॅक्टमधे पत्ता टाकणं हेही तसंच, त्याने वजन वाढतं पण खात्री मिळत नाही. हुकूम द्यायचा असेल तर तो नियम म्हणून, सेटिंगमधे जाऊन लिहावा लागतो, आणि तो नियमसुद्धा मेल तुमच्या मेलबॉक्सपर्यंत आला तरच चालतो, आधीच कुठे अडला असेल तर तुमच्या नियमाला कोणी विचारत पण नाही.

म्हणजे काय तर मेल येताना तीन वेगवेगळ्या ठिकाणी त्याचा निकाल लागू शकतो. पहिलं ठिकाण म्हणजे दोन सर्व्हर एकमेकांशी जोडले जातात तो क्षण. पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्टवर, म्हणजे बदनाम सर्व्हरांच्या यादीवर, असेल तर समोरचा सर्व्हर मजकूर न बघताच ५५० किंवा तसलाच नकाराचा कोड देऊन मेल नाकारतो, आणि असा मेल तुमच्या स्पॅम फोल्डरमधे पण दिसत नाही, त्यामुळे "स्पॅममधे बघितलं, तिथेही नाहीये" असं जे लोक सांगतात त्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. इथे तुम्ही काहीही करू शकत नाही. पाठवणाऱ्याला मात्र मेल परत आल्याचा संदेश मिळालेला असतो, तो त्याच्याकडून मागून घ्या, कारण नाकारण्याचं कारण बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. याच ठिकाणी ग्रेलिस्टिंग नावाचा एक प्रकार असतो, २००३ पासून तो वापरात आहे, त्यात अनोळखी सर्व्हरला मुद्दाम तात्पुरता नकार देतात, खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो आणि स्पॅम पाठवणारे बरेचसे प्रोग्रॅम करत नाहीत. कल्पना चांगली आहे पण दहा मिनिटं चालणारा ओटीपी पंधरा मिनिटांनी आला की त्याचा उपयोग शून्य, आणि वापरणाऱ्याला वाटतं साइटच बिघडली.

दुसरं ठिकाण म्हणजे मजकूर आणि हेडर (मेल कुठून, कसा आला याच्या एरवी न दिसणाऱ्या नोंदी) बघून गुण देणं, आणि तिसरं म्हणजे तुमचा मेलबॉक्स, जिथे तुमचे नियम राहतात. भांडण होतं ते या दुसऱ्या आणि तिसऱ्यामधे.

गुण देण्याचा प्रकार समजायला स्पॅमअसॅसिन या फिल्टर प्रोग्रॅमचं उदाहरण चांगलं आहे, कारण त्याचं सगळं उघड आहे आणि छोट्या होस्टिंगवाल्यांकडे ते अजूनही भरपूर चालतं. प्रत्येक संशयास्पद गोष्टीला काही गुण, आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम, ही त्याची मूळ सेटिंग. आता बघा, तुम्ही एखादा पत्ता वेलकमलिस्टमधे टाकला (जुन्या आवृत्त्यांमधे तिला व्हाइटलिस्ट म्हणायचे) तर उणे १०० गुण मिळतात. म्हणजे बाकी कितीही काही असलं तरी तुमचा शब्द वर. मला ही रचना फार आवडते कारण ज्यांनी ती बांधली त्यांनी माणसाच्या निर्णयाचं वजन किती हे आकड्यात लिहून ठेवलंय. पण 'नॉट स्पॅम' दाबल्याने हे उणे १०० मिळत नाहीत! त्या बटणाने फार तर शिकणाऱ्या भागाला एक नमुना मिळतो, आणि हा शिकणारा भाग, ज्याला बेजियन फिल्टर म्हणतात, तो किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकून झाल्याशिवाय मूळ सेटिंगमधे गुण द्यायला सुरुवातच करत नाही. म्हणजे तुम्ही पाच-दहा वेळा दाबून "ऐकतच नाही" म्हणता तेव्हा तो खरोखरच अजून ऐकायला बसलेला नसतो. आणि कित्येक सर्व्हरवर तर फोल्डरमधून मेल हलवला की तो शिकणाऱ्या प्रोग्रॅमकडे पोचवण्याची जोडणीच केलेली नसते, बटण असतं, दाबलं जातं, मेल हलतो, आणि मागे काहीही होत नाही. हे मी जुन्या-नव्या बऱ्याच सर्व्हरवर बघितलंय, आणि वापरणाऱ्याला असं खोटं बटण देणं मला अजिबात पटत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. अशा फिल्टरवर १९९८ मधे शोधनिबंध आले होते, पण ती पद्धत सगळीकडे पसरली ती २००२ मधे पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने ती सोप्या भाषेत मांडल्यावर. त्यातला महत्त्वाचा मुद्दा हा होता की फिल्टर प्रत्येक माणसाचा वेगळा असावा, कारण एकाला जो कचरा तो दुसऱ्याला कामाचा मेल असू शकतो. मोठ्या कंपन्यांकडे मेल गेला तसा हा मुद्दा मागे पडत गेला. आता करोडो लोकांची मतं एकत्र करून एकच मोठा निर्णय होतो, तुमचं मत त्यात आहे पण किती आहे ते कोणी सांगत नाही. समजा एखाद्या छोट्या संस्थेचं बातमीपत्र तुम्ही आवडीने वाचता, पण त्याच यादीतले बरेच जण नाव नोंदवल्याचं विसरलेत आणि 'अनसबस्क्राइब' शोधायचा कंटाळा म्हणून 'स्पॅम' दाबतात. गूगल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना जे नियम लावले त्यात तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा असं सांगितलंय, म्हणजे हजारात ३ जणांनी दाबलं की मर्यादा आली. त्या तिघांच्या कंटाळ्याचा भुर्दंड तुम्हाला पडतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की जे तुम्ही स्वतः कधी मागवलं होतं ते नको झालं तर अनसबस्क्राइब करा, स्पॅम दाबू नका. त्याच नियमांमधे एका क्लिकमधे नाव काढण्याची सोय देणं पण आता बंधनकारक केलंय, त्यामुळे त्रास पूर्वीइतका राहिलेला नाही.

गूगल असं सांगतं की जीमेल ९९.९ टक्क्यांपेक्षा जास्त स्पॅम, फिशिंग (खोट्या नावाने फसवणारे मेल) आणि मालवेअर (घातक प्रोग्रॅम) अडवतो. असेल, मी त्यावर शंका घेत नाही, पण हा आकडा अडवलेल्या वाईट मेलचा आहे. चुकून अडवलेल्या चांगल्या मेलबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि तुमची माझी तक्रार नेमकी त्याच दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. एक जाहिरात चुकून इनबॉक्समधे आली तर दोन सेकंद जातात. नोकरीचं बोलावणं, तपासणीचा रिपोर्ट, बिल भरायची शेवटची तारीख असा एक मेल स्पॅममधे बुडला तर माणसाचं खरं नुकसान होतं, आणि जीमेलमधे ३० दिवसांनी तो आपोआप पुसलाही जातो. दोन्ही चुका सारख्या धरून चालणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे आणि ती समजल्याशिवाय उपाय पण नीट करता येत नाही. तुम्ही जेव्हा "या माणसाचे मेल येऊ देत" असं ठरवता तेव्हा तुमचा निर्णय त्या माणसाबद्दल असतो. पण सेफ लिस्टमधे, म्हणजे येऊ द्यायच्या पत्त्यांच्या यादीत, जातो तो फ्रॉममधला (पाठवणारा म्हणून दिसणारा) पत्ता, आणि तो पत्ता म्हणजे पाकिटाच्या मागे हाताने लिहिलेलं नाव, कोणीही कोणाचंही लिहू शकतं. मेलचा मूळ प्रोटोकॉल १९८२ चा आहे, त्यात पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच नव्हती. नंतर एसपीएफ आलं (त्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का ते बघणारं), डीकिम आलं (मेलवरची डिजिटल सही तपासणारं), आणि या दोघांना फ्रॉमशी जोडणारं डीमार्क आलं. त्यामुळे तुमच्या बँकेचा पत्ता तुम्ही सेफ लिस्टमधे टाकलेला असेल आणि भलताच कोणी त्या नावाने मेल पाठवत असेल, तर फिल्टरने तुमचा नियम न पाळणं हे तुमच्याच निर्णयाचं रक्षण आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसवाल्या मेलमधे हे स्पष्ट लिहूनच ठेवलंय, साध्या स्पॅमसाठी तुमची सेफ सेंडर यादी पाळतात, पण मालवेअर किंवा 'हाय कॉन्फिडन्स फिशिंग' असा शिक्का बसला की ती यादी बघतच नाहीत, मेल क्वारंटाइनमधे, म्हणजे मेलबॉक्सच्या बाहेर वेगळा अडकवून, ठेवतात आणि तिथून तो सोडवायचा अधिकार सुरुवातीच्या सेटिंगमधे फक्त ॲडमिनला (ऑफिसचा मेल सांभाळणाऱ्याला) असतो. शिवाय एकदा इनबॉक्समधे आलेला मेलसुद्धा नंतर फिशिंग ठरला तर तो मागाहून उचलून नेतात, वाचलेला असला तरी. लोक घाबरून विचारतात की सकाळी वाचलेला मेल दुपारी गेला कुठे, तर ते हे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ओळख पटलेली नसेल तर फिल्टरने जरूर आडवं यावं, पण एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं पास आहे, पत्ता तोच आहे, माणूस तोच आहे आणि वापरणाऱ्याने स्पष्ट नियम लिहिलाय, आत घातक अटॅचमेंट पण नाहीये, तर तिथे फिल्टरचं काम संपलं. फार तर वर एक पिवळी पट्टी दाखवा की आम्हाला हा मेल संशयास्पद वाटतो. न सांगता बाजूला टाकू नका.

आता करायचं काय ते. सगळ्यात आधी स्पॅममधे पडलेला तो मेल उघडा आणि त्याची ओळख पटतेय का बघा. जीमेलमधे तीन टिंबांच्या मेन्यूत 'शो ओरिजिनल' आहे, त्यात अगदी वरच एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क पास की फेल ते दिसतं. बाकीच्या ठिकाणी पूर्ण हेडर उघडून 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' नावाची ओळ शोधा. फेल असेल तर तुम्ही कितीही नियम लिहा, दुखणं पाठवणाऱ्याकडे आहे, त्याला किंवा त्याच्या आयटीवाल्याला तीच ओळ कॉपी करून पाठवा, "तुमचे मेल स्पॅममधे जातात" एवढ्याच वाक्यावर कोणी काही करत नाही पण "डीकिम फेल येतंय" म्हटलं की माणूस हलतो. त्यात पाठवणाऱ्याच्या डोमेनने (पत्त्यातला @ नंतरचा भाग) डीमार्कची पॉलिसी 'रिजेक्ट' ठेवली असेल तर फेल झालेला मेल नाकारा असं त्या डोमेनच्या मालकानेच जगाला सांगितलेलं असतं, तिथे फिल्टरला दोष देऊन उपयोग नाही. २०१४ च्या एप्रिलमधे याहूने ही पॉलिसी लावली तेव्हा मेलिंग लिस्टवरचे (एकाचा मेल सगळ्या सभासदांना पाठवणाऱ्या यादीवरचे) याहूवाल्यांचे मेल धडाधड परत यायला लागले होते, कारण लिस्ट विषयात किंवा खाली काहीतरी जोडते आणि डीकिमची सही मोडते.

सगळं पास असेल तर मग नियम लिहा. जीमेलमधे फिल्टर बनवताना 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' असा पर्याय असतो, तो टिक करा, हा तुमचा हुकूम. नंतर असा मेल आला आणि जीमेलला तो स्पॅम वाटला तर इनबॉक्समधे येऊन वर पट्टी दिसते की तुमच्या फिल्टरमुळे हा स्पॅममधे टाकला नाही, म्हणजे मी वर म्हटलं तसंच वागतो, याबद्दल त्याचं कौतुक करायला हवं. आउटलुकमधे सेफ सेंडर्समधे टाका. स्वतःचा किंवा होस्टिंगवाल्याचा सर्व्हर असेल आणि मागे स्पॅमअसॅसिन असेल तर साधी वेलकमलिस्ट नको, 'वेलकमलिस्ट ऑथ' नावाची जी आहे ती मागा, तिचे उणे १०० ओळख पटली तरच मिळतात, म्हणजे नाव चोरून पाठवणाऱ्याला तुमच्या नियमाचा फायदा होत नाही. आणि कृपा करून जीमेल, याहू असली आख्खी फुकट मेलवाली डोमेन सेफ लिस्टमधे टाकू नका, स्वतःच्या कंपनीचं डोमेन तर मुळीच नको, साहेबांच्या नावाने पैसे मागणारे खोटे मेल बरोब्बर त्याच भोकातून येतात.

बातमीपत्र किंवा मेलिंग लिस्ट असेल तर फ्रॉमवर नियम लिहू नका कारण तो बदलत राहतो, लिस्ट आयडी म्हणून हेडर असतं ते बऱ्यापैकी कायम राहतं, जीमेलमधे लिस्टचा मेल उघडून 'फिल्टर मेसेजेस लाइक धिस' केलं की तो बहुतेक आपणहून लिस्ट आयडीच उचलतो.

ब्लॉक केलेला परत येतो तेही याच कारणाने. तुम्ही ब्लॉक केलात तो एक नेमका पत्ता, आणि स्पॅमवाला दर वेळी नवा पत्ता घेतो, नाव तेवढं तेच ठेवतो. फोनवर फक्त नाव दिसतं म्हणून आपल्याला वाटतं तोच परत आला. एकदा नावावर टॅप करून पूर्ण पत्ता बघा. डोमेन तेच असेल तर पूर्ण डोमेनवर नियम लिहा, डोमेनही बदलत असेल तर पत्त्यांच्या मागे धावणं सोडून द्या आणि प्रत्येक वेळी फक्त स्पॅम रिपोर्ट करा, अशा वेळी ती करोडो लोकांची एकत्र मतं खरंच कामाला येतात.

एक गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत, ती म्हणजे नेमका कोणता फिल्टर तुमच्यावर कुरघोडी करतोय. सर्व्हरवर एक फिल्टर, लॅपटॉपवरच्या थंडरबर्ड किंवा ॲपल मेलमधे स्वतःचा वेगळा, कधी अँटीव्हायरसचा तिसरा. तुम्ही वेबवर सगळं नीट केलंत तरी घरचा लॅपटॉप चालू आहे आणि त्यातला प्रोग्रॅम मेल येताक्षणी जंकमधे (स्पॅम फोल्डरचंच दुसरं नाव) ढकलतोय, आणि आयमॅप (सगळ्या डिव्हाइसवर एकच मेलबॉक्स दाखवणारी पद्धत) असल्यामुळे ते सगळीकडे दिसतं. तपासायला सोपं आहे, सगळ्या डिव्हाइसवरचे मेलचे प्रोग्रॅम एक दिवस बंद ठेवा आणि फक्त ब्राउझरमधून बघा. मेल इनबॉक्समधे राहिला तर दोषी तुमच्याच मशीनवर आहे. थंडरबर्डमधे अकाउंट सेटिंगमधल्या जंकच्या भागात ॲड्रेस बुकमधल्यांना जंक ठरवू नको असं सांगता येतं, ते चालू करा, आणि मेसेज फिल्टर जंक तपासायच्या आधी चालवायचा की नंतर हेही प्रत्येक फिल्टरला निवडता येतं. माझा सल्ला विचाराल तर सर्व्हरवरचा फिल्टर ठीक असेल तर मशीनवरचा बंदच करून टाका, दोन न्यायाधीश असले की तुमचा निर्णय कोणाकडे नोंदवायचा तेच कळत नाही.

तसंच, तुम्ही जीमेलचे मेल पॉपने (मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत) दुसरीकडे ओढत असाल किंवा ऑटो फॉरवर्ड लावलं असेल तर स्पॅम फोल्डरमधलं काहीच तिकडे जात नाही. म्हणजे ज्या ठिकाणी तुम्ही बघता तिथे स्पॅममधे पण तो मेल नसतो, मूळ खात्यात लॉगिन करूनच बघावं लागतं. अशा खात्यात महत्त्वाच्या पत्त्यांसाठी वरचा 'नेव्हर सेंड' वाला फिल्टर हवाच. आणि जीमेलची साधी सर्च स्पॅम बघत नाही, शोधताना सर्चच्या पर्यायांमधे 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडायला लागतं, लोक साध्या सर्चमधे सापडला नाही म्हणून समोरच्यालाच खोटं ठरवतात.

ऑफिसचा मेल असेल तर यातलं बरंच तुमच्या हातात नसतं, ॲडमिनला लिहावं लागतं. लिहिताना "स्पॅम फिल्टर फार त्रास देतोय" असं लिहू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ, शक्य असेल तर पूर्ण हेडर, आणि तुम्ही सेफ लिस्टमधे तो कधी टाकलात ते द्या, आणि दोन गोष्टी विचारा: मेल नाकारला गेला, क्वारंटाइनमधे गेला की जंकमधे, आणि माझी सेफ लिस्ट कोणत्या पॉलिसीमुळे डावलली गेली. मायक्रोसॉफ्टवाल्या मेलमधे हेडरमधल्या अँटीस्पॅम रिपोर्टच्या ओळीत एससीएल नावाचा आकडा असतो, उणे १ म्हणजे फिल्टरिंग सोडून दिलं, ५ आणि त्याच्या वर म्हणजे स्पॅम धरला, ॲडमिनला ते बघून लगेच कळतं. चुकीने अडवलेला मेल मायक्रोसॉफ्टकडे पुन्हा तपासायला पाठवायची सोय त्याच्याकडे असते, ती वापरायला सांगा.

जे माझ्यासारखे सर्व्हर चालवतात त्यांनाही सांगायचंय. संशय पक्का असेल तर मेल कनेक्शनच्या वेळीच नाकारा, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की पोचला नाही आणि तो फोन तरी करतो. मेलचं मूळ स्टँडर्ड स्पष्ट सांगतं की एकदा २५० (होकाराचा कोड) म्हणून मेल स्वीकारला की तो पोचवायची किंवा पोचला नाही हे कळवायची जबाबदारी तुमची, स्वीकारून गुपचूप टाकून देणं हे सगळ्यात वाईट, कारण दोन्हीकडच्या माणसांना वाटतं समोरच्यानेच उत्तर दिलं नाही. मेलबॉक्सच्या पातळीवर वापरणाऱ्याची यादी गुणांच्या आधी तपासा, ओळख पटल्याची अट घालून, आणि जंकमधून इनबॉक्समधे हलवलेला मेल शिकणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातोय ना हे स्वतः एक मेल हलवून लॉगमधे बघा. डोव्हकॉट हा मेल सर्व्हर असेल तर त्याच्या आयमॅपसीव्ह या भागाने हे व्यवस्थित होतं, फार वेळ लागत नाही. क्वारंटाइन ठेवणार असाल तर त्याची रोजची यादी लोकांना मेलने जाऊ दे, पाठवणारा आणि विषय दिसेल अशी.

तुम्ही आधी ते 'शो ओरिजिनल' करून बघा आणि तीन ओळींमधे पास-फेल काय येतंय ते सांगा. तिन्ही पास असतील आणि 'नेव्हर सेंड' वाला फिल्टर लावूनही मेल स्पॅममधेच जात असेल, तर बहुतेक फिल्टरमधला पत्ता आणि मेलमधला खरा फ्रॉम यांच्यात एखादा फरक असणार, ते दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघा.